ढब्बूचं तिसरं चाक

आधीच सांगून ठेवते, त्या मैदानाला उतार होता. बाबा म्हणतात, नव्हता. आणि वर 'नाचता येईना, अंगण वाकडं' म्हणून मला डिवचतात. डिवचू देत. बाबा शहरबस चालवतात. सहा चाकांवर बसून दुसऱ्याच्या दोन चाकांना नावं ठेवायला काय जातंय?

पण मी तापट असले तरी खोटारडी नाही. मी पडले ती उतारामुळे नव्हे. मी पडले, कारण उभी मोटारसायकल पडते हे आमच्या घरात कुणाला माहीतच नव्हतं.

हसू नका. आधी ऐकून घ्या, मग एकदाच काय ते हसा.

माझी आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, शिलाई मशीनं दुरुस्त करते. घरातलं मशीन बिघडलं तर लोक उचलून तिच्याकडे आणतात, पण कारखान्यातली धुडं कोण उचलणार? गाद्या शिवणारे, तंबू शिवणारे, बुटांचं कातडं शिवणारे, या सगळ्यांकडे तीच जायची. मी जन्मायच्या आधीपासून जायची, ती ढब्बूवरून. ढब्बू ही तिची मोटारसायकल. इंजिन लहान, आवाज मोठा, आणि बाजूला जोडलेली साइडकार: होडीसारखा एक डबा, त्याला स्वतःचं एक चाक, आत एक सीट. या तिसऱ्या चाकामुळे ढब्बू कधी कलंडत नाही. चौकात थांबा, दोन्ही पाय वर घ्या, हाताची घडी घाला, खुशाल जांभई द्या. तो आपला टेबलासारखा उभा.

आई इस्पितळात नर्स, तिची पाळी आज दिवसाची तर उद्या रात्रीची. बाबा बसवर. मग मला सांभाळणार कोण? आत्या. तिने मला त्या डब्यात हत्यारांच्या पेटीशेजारी कोंबलं आणि गावभर हिंडवलं. डब्याला आमच्या घरी अजूनही पाळणा म्हणतात. मी बोलायला शिकले ती त्या पाळण्यात, आणि भांडायलाही तिथेच. मला ठिणगी हे नाव तिनेच ठेवलं. ठेवणारी स्वतः आगीचा बंब बोलवावा लागेल अशी, पण ते जाऊ दे.

अठरावं लागलं तसा मी शिकाऊ परवाना काढला. शिकाऊ माणसाला एकट्याने रस्त्यावर जाता येत नाही, सोबत पक्का परवाना असलेलं कुणीतरी लागतं. मग मी गाडीवर आणि आत्या पाळण्यात, अशी आमची अदलाबदल झाली. ती पाळण्यातून ओरडायची, "अगं, क्लच हलक्या हाताने सोड! म्हशीची धार काढतेयस का?" मी वरून ओरडायचे, "तू जरा गप्प बसशील का?" गादीवाले म्हणायचे, तुम्ही दोघी येताय हे आम्हाला ढब्बूच्या आधी कळतं.

आणि मग ती स्टुलावरून पडली. फळीवरचं एक मशीन काढायला चढली होती. मशीन वाचवलं आणि डावं मनगट मोडून घेतलं. आत पट्टी बसली, स्क्रू बसले. डॉक्टर म्हणाले, "पाना धरा, सुई धरा, चहाचा कप धरा. क्लच मात्र विसरा."

"किती दिवस?" आत्याने विचारलं.

"कायमचा."

झालं. तिचा परवाना गेला. तिचा गेला म्हणजे पाळण्यात बसून मला शिकवायचा हक्कही गेला, आणि ढब्बू शेडमध्ये ताडपत्री पांघरून बसला. आत्या खिडकीशी बसली आणि गप्प झाली. आमच्या आत्याला तुम्ही ओळखत नाही, म्हणून तुम्हाला हे साधं वाटेल. ही बाई झोपेतही कुणालातरी झापत असते. गादीवाल्यांचा फोन यायचा, मोठं मशीन टाके सोडतंय, येता का? सुरुवातीला ती फोनवरच सांगायची, अमुक ढिलं करा, तमुक आवळा. पुढे पुढे फोन वाजला की ती उठून आत जायला लागली. मला भीती वाटायला लागली. खरं सांगते, मला राग फार लवकर येतो, भीती सहसा वाटत नाही. पण तिला तशी बघून वाटली.

एके दिवशी जेवताना तिने सांगून टाकलं, "ढब्बूला गिऱ्हाईक आलंय."

गिऱ्हाईक म्हणजे बसस्टँडजवळ नवीन हॉटेल काढलेला एक गृहस्थ. त्याला ढब्बू चालवायचा नव्हता. त्याला ढब्बू हॉटेलच्या दारात उभा करून पाळण्यात फुलझाडांच्या कुंड्या ठेवायच्या होत्या. शोभेला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "माझ्या पाळण्यात कुंड्या? आधी त्याच्या डोक्यात लावते एक झाड."

"मग चालव तू," आत्या म्हणाली. आवाज न चढवता म्हणाली, तेच वाईट होतं. "परवाना काढ. मला पाळण्यात घालून कामावर नेता आलं तर ने. या महिन्यात जमलं तर ढब्बू आपला. नाही जमलं तर तो कुंडीवाला घेऊन जाईल. उभ्या उभ्या गंजण्यापेक्षा फुलं बरी."

आता हा परवानाही अर्धाच असतो बरं का. माझ्या वयाच्या लोकांना सुरुवातीला बंधनांचा परवाना मिळतो. लहान इंजिनच चालवायचं, मागच्या सीटवर कुणाला बसवायचं नाही, हमरस्त्यावर जायचं नाही, अंधार पडायच्या आत घरी यायचं. साइडकारमध्ये एक माणूस चालतो. ढब्बूचं इंजिन लहानच, मागे सीटच नाही, आणि हमरस्त्यावर गेलो तर मागचे लोक शिव्या घालतील असा त्याचा वेग. म्हणजे बंधनं कसली, आमची रोजचीच वहिवाट ती.

एकच गोष्ट वेगळी होती. परीक्षा परवान्याच्या कचेरीच्या गाडीवर द्यायची, आणि कचेरीची गाडी साधी, दोन चाकांची. मी आत्याला विचारलं, "जमेल ना गं?"

तिनेही जन्मात साधी मोटारसायकल चालवली नव्हती. घेतली तीच साइडकारसकट. म्हणाली, "एक चाक कमी. म्हणजे सोपंच की."

पटलं मला. काय करणार, घराणंच तसं.

परीक्षा घेणाऱ्या बाईंच्या गळ्यात शिट्टी होती, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात शिट्टीबाई म्हणायला लागले. उंच, शांत, कधी हसल्या असतील तर लहानपणी. मैदानावर चुन्याने आठाचा आकडा काढलेला, पुढे प्लास्टिकच्या टोकदार सुळक्यांची रांग, आणि शेवटी एक पांढरी रेघ. आठ काढा, सुळक्यांमधून जा, शिट्टी वाजली की रेघेवर थांबा. बस्स, एवढंच.

माझ्या आधी आमच्या गल्लीतल्या बेकरीचे पाववाले काका होते. त्यांनी परवान्याच्या आधी गाडी घेतली, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. गाडी बेकरीच्या अंगणात धूळ खात होती, आणि काका परीक्षेला बसत होते आणि नापास होत होते. कारण काय, तर ओळखीचं कुणी दिसलं की ते हात वर करतात. दुकानदारी अंगात मुरलेली. त्या दिवशी कुंपणापलीकडून त्यांच्या एका गिऱ्हाइकाने हाक मारली. काकांनी हात केला आणि सुळका आडवा. शिट्टीबाईंनी नुसती मान हलवली.

मग मी. शिपायाने गाडी धरून ठेवली, मी टांग टाकून बसले, त्याने गाडी सोडली तेव्हा मी निघालेही होते. लहानपणी शेजारच्या अंगणात थोडी सायकल चालवली होती, त्यामुळे चालती गाडी सावरली. आठ काढला, जरा ऐसपैस काढला, पण काढला. सुळके पार केले. शिट्टी वाजली. मी ब्रेक असा मारला की पुढचं चाक अगदी रेघेवर. आत्याने शिकवलेला ब्रेक, मऊसूत. मी दोन्ही पाय पायदाणावर नीट ठेवले, पाठ ताठ केली, आणि शिट्टीबाईंकडे बघून हसले.

आणि तशीच हसत हसत आडवी झाले.

लगेच नाही हो. हळूहळू. आधी मला वाटलं शिट्टीबाई तिरक्या होतायत. मग वाटलं मैदान वर येतंय. धप्प आवाज आला तेव्हा कळलं की ती मी आहे. कुंपणापलीकडे बाबांनी डोळ्यांवर हात घेतला होता. आत्या तोंड उघडं टाकून बघत होती, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते दुःख नव्हतं, नवल होतं. चक्क नवल.

शिट्टीबाई जवळ आल्या. "लागलं का?"

"नाही."

"मी एवढी वर्षं परीक्षा घेतेय. वळताना पडलेले पाहिले, घाबरून पडलेले पाहिले. थांबून, आनंदाने पडलेली तू पहिलीच." त्यांनी कागदावर फुली मारली. "पाय का नाही टेकलास?"

"टेकायचा असतो?" मी विचारलं.

त्यांनी फुली आणखी एकदा गिरवली, आणि म्हणाल्या, "शनिवारी फेरपरीक्षा आहे. तोवर शिकून ये."

घरी जाताना बसमध्ये आत्या गप्पच होती. मला वाटलं, संपलं. मग ती खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाली, "ती उभी राहत नाही होय गं आपली आपण?" आणि तिला हसू फुटलं. किती दिवसांनी! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, बाबा गाडी चालवत नव्हते म्हणून तेही हसले, आणि मी? मी चिडले. म्हटलं, "उतार होता तिथे!"

"पडली तरी नाक वर," आत्या म्हणाली, आणि पुन्हा हसायला लागली.

हसून पोट दुखलं तरी प्रश्न होता तिथेच. शनिवारी फेरपरीक्षा, आणि महिना संपतोय म्हणून कुंडीवाला येणार रविवारी सकाळी. आमच्याकडे साधी मोटारसायकल नव्हती. पाववाले काकांनी स्वतःहून सांगितलं, "माझी उभीच आहे अंगणात. ये संध्याकाळी. तुला पाय टेकायचं शिकायचंय, मला हात आवरायचं. दोघं मिळून एक माणूस पास होईल."

बेकरीचं मागचं अंगण फरसबंद होतं. काकांनी मैद्याच्या रिकाम्या गोण्या अंथरल्या, खडूने रेघ काढली. आत्या पावाच्या उपड्या क्रेटवर बसली. मी गाडी चालवायची, रेघेवर थांबायची आणि पडायची. डोक्याला कळत होतं हो, पाय टेकायचा. पण बूड मोटारसायकलवर टेकलं आणि खाली इंजिन धडधडायला लागलं की माझे पाय पायदाणाला चिकटायचे. अठरा वर्षांची सवय, ती काय एका संध्याकाळीत जाते? आत्या क्रेटवरून ओरडायची, "पाय!" तिचं 'पाय' ऐकू येईपर्यंत मी गोणीवर. उठले की पांढरीफटक. घरी आले की बाबा दारातच विचारायचे, "आज किती पाव भाजलेस?"

मग "पाय!" जरा लवकर यायला लागलं, आणि मी जरा उशिरा पडायला लागले. एका संध्याकाळी मी थांबले, पाय टेकला, आणि पडले नाही. काकांनी टाळ्या वाजवल्या. आत्या म्हणाली, "एकदा जमलं म्हणजे काय उपकार केलेस का? परत." बोलण्याला धार आली होती. मला एवढं बरं वाटलं की मी उलट उत्तरच दिलं नाही.

आणि आणखी एक गोष्ट झाली. मला ती हलकी गाडी आवडली. लपवायचं कशाला? ढब्बूला वळवायचं म्हणजे कपाट सरकवायचं. ही नुसतं अंग झुकवलं की वळायची. मी अंगणात गोल गोल फिरायला लागले आणि मला हसू आवरेना. मी उगीचच आणखी एक फेरी मारली, मग आणखी एक. आत्या बघत होती. मला वाटलं, कौतुकाने बघतेय.

शनिवारी शिट्टीबाईंनी आधीच बजावलं, "कुंपणाबाहेरून कुणी एक शब्द बोललं, तर परीक्षा रद्द. मग तो 'शाबास' असो नाहीतर 'अगं बाई' असो."

मी झटकन आत्याकडे पाहिलं. पडण्याचं सोडा, आत्या आणि गप्प? बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, तोंडात रुमाल कोंबू का?" तिने त्यांना कोपराने ढोसलं आणि कुंपणाची दांडी उजव्या हाताने घट्ट धरली.

आठ काढला. या वेळी अंग झुकवून, आखून दिल्यासारखा. सुळके झाले. शिट्टी वाजली. मी रेघेवर थांबले. आणि बघा, काय सांगू, तिथे पुन्हा तेच झालं. पाठ ताठ, पाय पायदाणावर, आणि डोक्यात नुसता गोंधळ. गाडी कलायला लागली. मी कुंपणाकडे पाहिलं. आत्याचे ओठ आत दाबलेले, गाल फुगलेले, तोंड लालबुंद. शब्द घशापर्यंत आलेला दिसत होता. तो तिने गिळला, आणि स्वतःचा पाय उचलून दाणकन जमिनीवर आपटला.

माझा पाय आपोआप खाली गेला.

गाडी थांबली. मी थांबले. सगळं मैदान थांबलं. शिट्टीबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "पास. नवशिक्याची पिवळी पाटी लाव, मागे कुणाला बसवू नकोस, अंधाराच्या आत घरी." मग कुंपणाकडे बघून म्हणाल्या, "आता बोला तुम्ही. नाहीतर फुटाल."

आत्या जे बोलायला लागली ते घर येईपर्यंत थांबली नाही. पाववाले काका मात्र पुन्हा नापास. सगळं मैदान त्यांनी दोन्ही हात मुठीवर ठेवून पार केलं, आणि शेवटी आनंदाच्या भरात शिट्टीबाईंनाच हात केला. पाय टेकलेलाच नव्हता, गाडीसकट आडवे.

संध्याकाळी आईने खास जेवण केलं होतं. मी परवाना पाण्याच्या तांब्याला टेकवून समोर ठेवला होता, सगळ्यांना दिसेल असा. आणि आत्या म्हणाली, "कुंडीवाला उद्या येतोय. मी त्याला या म्हणून सांगितलंय."

मला ऐकूच आलं नाही आधी. "म्हणजे? मी पास झाले ना?"

"झालीस. म्हणूनच. तू बेकरीच्या अंगणात कशी हसत होतीस ते मी बघितलंय. तसलीच एखादी हलकी गाडी घे. फिर, मजा कर. माझं हे लोढणं कशाला बाजूला बांधून घेतेस? ढब्बू जड, मी त्याहून जड."

मी उठून उभी राहिले. म्हटलं, "हलक्या गाडीवरून मी गादीवाल्यांकडे जाऊन करू काय? गादीवर झोपू? मला मशीनचा आवाज ऐकून काय रुसलंय ते कळत नाही. तुला कळतं. मला ढब्बू हवाय तो तू त्यात बसतेस म्हणून. तू खिडकीत बसलीस की मला घर खायला उठतं. कळलं का? मला तू हवी आहेस!" एवढं बोलले आणि रडू यायला लागलं, म्हणून ताट तसंच टाकून शेडमध्ये जाऊन बसले. मागून कुणी आलं नाही.

बाबा आले जरा वेळाने. ताडपत्रीचा कोपरा नीट करत म्हणाले, "उद्या तू तोंड उघडायचं नाहीस."

"का?"

"आज तिने नाही उघडलं म्हणून तू पास झालीस. उद्या तुझी पाळी."

कुंडीवाला सकाळीच आला, छोटा टेम्पो घेऊन. माणूस वाईट नव्हता, उगीच कशाला बोला. गोड बोलत होता. त्याने मापाची पट्टी काढून पाळण्याची लांबी-रुंदी घेतली, आणि म्हणाला, "दोन मोठ्या बसतील. बघू का ठेवून?" आत्याने खांदे उडवले. त्याने टेम्पोतून एक भली मोठी कुंडी आणली, नुकतंच पाणी घातलेली, आणि सीटवर ठेवली.

माझे दात दातांवर. बाबा माझ्याकडे बघत होते. मी एक अक्षर बोलले नाही. तोंडात रुमाल कोंबून घेतला असता तर सोपं गेलं असतं.

कुंडीच्या बुडातून चिखलाचं पाणी ठिबकायला लागलं. सीटवरून ओघळून ते हत्यारांच्या पेटीच्या खाचेत गेलं. आत्या बघत होती. मी तिच्या कानांकडे बघत होते, कारण तिचा राग आधी कानांत येतो. कान लाल झाले.

"काढ ती."

"अं?" कुंडीवाला म्हणाला.

"काढ म्हणते ना! चेसिसला पाणी लागतंय, डोळे फुटले का? तिथे माणूस बसतं. माझी भाची लहानाची मोठी झाली त्यात. झाड लावायला आलाय मेला! उचल आधी, आणि पुसून दे. कोरड्या फडक्याने पूस, ओल्या नाही!"

सगळी गल्ली खिडक्यांत आली. कुंडीवाल्याने बिचाऱ्याने कुंडी काढली, पुसूनही दिलं. बाबांनी त्याला आत नेऊन चहा पाजला आणि एक मोडका लाकडी हातगाडा दाखवला, शेजारच्यांचा, फुलांना फार शोभेल असा. आत्या अजून धुमसत होती. पाळण्याकडे बघत म्हणाली, "गादीवाल्यांचा फोन आला होता का गं?"

"काल दोनदा."

"काय म्हणाले?"

"टाके सोडतंय."

"सोडणारच. मूर्खासारखं तेल भरलं असेल." तिने पदर खोचला. "पेटी आण. आणि उशी आण, ती सीट ओली केली त्या माकडाने."

मी उशी ठेवली, पेटी ठेवली, पिवळी पाटी लावली. ती एका हाताने कडेला धरून पाळण्यात उतरली, पेटी मांडीवर घेतली, आणि तिने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, दुखतंय का? पण नाही. ती इंजिनचा आवाज यायची वाट बघत होती. मी किक मारली. ढब्बू दोनदा खोकला आणि धडधडायला लागला.

गल्ली संपली, बेकरी गेली. पाववाले काकांनी दोन्ही हात वर केले. वळणावर मी अंग झुकवलं, ढब्बू काही झुकला नाही, आत्याने मला दोन शब्द सुनावले, मी तिला चार सुनावले. मोठ्या चौकात दिवा लाल झाला. मी ब्रेक मारला, मऊसूत, अगदी रेघेवर. आणि मोकळ्या बाजूचा पाय खाली सोडून जमिनीवर घट्ट टेकला. न सांगता, न चुकता. मला माझंच कौतुक वाटलं. मी आत्याकडे पाहिलं, तिनेही पाहिलं असेल म्हणून.

तिने पाहिलं होतं. पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हसली.

"उचल तो पाय, वेडाबाई," ती म्हणाली. "मी आहे ना बाजूला."

मी पाय उचलून पायदाणावर ठेवला.